साकीनाक्याचं काळीज

तातू, काल दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि पुन्हा त्या गच्चीवर पोचले. गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या वितळताहेत, पाण्याचा ओघळ मोरीकडे चाललाय, आणि तू टबाशी उकिडवा बसून कुणाशी तरी हळू आवाजात बोलतोयस. मी विचारते, कोण आहे रे? तू मागे न बघताच म्हणतोस, "गप रव गो बाय. निजलो आसा तो." जाग आली तेव्हा मुलुंडची माझी खोली होती, पंखा होता, आणि भिंतीवर उन्हाचा चतकोर तुकडा सरकत होता. चहा करायला उठले तर हाताने आपोआप दोन कप मांडले. त्यातला एक मी परत फडताळात ठेवून दिला.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. म्हणजे तुला जाऊन सतरा दिवस झाले, की एकोणीस, यावर तुझं-माझं जमायचं नाही. त्याच्याकडे मी येतेच. त्याआधी एक कबूल करून टाकते. हॉस्पिटलात, तुझ्या श्वासाचं मशीन चालू असताना मी यशोदावहिनींशी खोटं बोलले. तीस-बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, मेट्रनच्या तोंडावर खरं बोलून मेमो घेतले, पण पेशंटच्या माणसाला खोटं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते नेमकं तुझ्या बायकोला.

मला हॉस्पिटलच्या त्या गच्चीवर पाठवलं होतं ते शिक्षा म्हणून, हे तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. चांगली माणसांच्या थिएटरात काम करणारी सिस्टर मी, आणि माझी बदली कुत्र्यांच्या लॅबमध्ये! पायऱ्या चढताना माझं तोंड कसं झालं होतं, याची नक्कल तू पुढे वीस वर्षं करत राहिलास. वर आले तर तू एका कुत्र्याची बगल भादरत होतास. मला बघून उठलासही नाहीस. "बूट थयच काढा, सिस्टर. हय पाणी आसा," एवढंच म्हणालास. आठवडाभरात मी तुझी बाय झाले. ती कशी झाले ते मला आठवत नाही, तुला आठवत असणार.

साठीच्या दशकाची ती सुरुवात होती. मोठे डॉक्टर सकाळी वर यायचे, शर्टाच्या बाह्या दुमडायचे आणि एका कुत्र्याचं काळीज दुसऱ्या कुत्र्यात शिवायचे. जगात इतरत्रही लोक हेच करत होते, असं ते सांगायचे. कुत्र्याला आधी बर्फाच्या पाण्यात थंड करायचं, म्हणजे रक्त थांबलं तरी मेंदू थोडा वेळ तग धरतो. मग मोठ्या रक्तवाहिन्या चिमट्यांनी बंद करायच्या आणि घड्याळाकडे बघत टाके घालायचे. पुढे रक्त फिरवणारं पंपाचं यंत्र आलं, तेव्हा थोडी उसंत मिळाली. मी चिमटे मोजायची, तू बर्फ मोजायचास. बहुतेक कुत्री टेबलावरच जायची. जी जगायची ती दोन दिवस, पाच दिवस. मग शरीर त्या परक्या काळजाला ओळखायचं आणि त्याचा घास घ्यायचं. हे का होतं, ते तेव्हा कुणालाच नीट कळत नव्हतं.

डॉक्टरांच्या लेखी कुत्र्यांना नंबर होते. तू मात्र पालिकेच्या गाडीने कुत्रं जिथे पकडलं त्या जागेचं नाव त्याला ठेवायचास. कुर्ला, नाहूर, कांदिवली, विद्याविहार. वांद्र्याचं एक कुत्रं तर भारी मिजासखोर होतं. आणि एकाचं काळीज दुसऱ्यात गेलं की तू पिंजऱ्यावर खडूने दोन्ही नावं लिहायचास. भांडुपला साकीनाक्याचं काळीज बसवलं तेव्हा पाटी झाली 'भांडुप-साकीनाका'. एका विद्यार्थ्याने ती वाचून विचारलं, ही बस कधी सुरू झाली? तू हसला नाहीस. गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा मांडलास, त्यावर भात आणि सुक्या बांगड्याचा एक तुकडा ठेवलास. साकीनाक्याची वाडी. तुमच्या गावाकडे पितरांना दाखवतात, तशी तू ज्याचं काळीज घेतलं त्या कुत्र्याला दाखवायचास. मला वाटलं, आता डॉक्टर हाकलतात याला. डॉक्टरांनी बघितलं आणि ते पायऱ्या उतरून गेले. पुढच्या ऑपरेशननंतर मात्र हात धुताना त्यांनी तुला विचारलं, "ठेवलंस का रे पान?"

हा भांडुप नऊ दिवस जगला. आमच्या गच्चीवर तो विक्रम होता. तिसऱ्या दिवशी दुपारी तू मला ओढत पिंजऱ्यापाशी नेलंस आणि हाक मारलीस, "साकीनाक्या!" भांडुपने मान वळवली.

"बगलंस?"

"आवाजाला बघतंय ते. तू 'परमेश्वरा' म्हणालास तरी बघेल."

"मगे तू मार हाक."

मी मारली. त्याने कानही हलवला नाही. तू म्हणालास, "तू परकी. तुका कशाक बगात तो?" तेव्हा सुरू झालेलं आपलं भांडण मी आजही एकटीने ओढतेय. काळीज हा एक स्नायू आहे, पाण्याच्या पंपाइतकीच त्याला अक्कल, माणूस असतो तो डोक्यात, डोकं गेलं की माणूस गेला, हे माझं. आणि काळीज चालू आहे तोवर तो जीव कुठे गेलेला नाही, मग ते कुणाच्या का छातीत असेना, हे तुझं.

तुझं ते मत रजिस्टरातही उतरलं होतं, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. कुत्रं मेलं की तारीख लिहायचं काम तुझं. एक शिकाऊ डॉक्टर परिषदेसाठी आकडे काढायला बसला आणि तासाभराने पांढराफटक होऊन माझ्याकडे आला. "सिस्टर, या रजिस्टरप्रमाणे काळीज काढून घेतलेली कुत्री पाच-पाच दिवस जगलीत, एक तर नऊ दिवस." तू काळीज देणाऱ्याचं मरण कधी त्या दिवशी लिहिलंच नव्हतंस. घेणारा मेला की दोघांची तारीख एकच. मोठ्या डॉक्टरांनी तुला समोर उभं केलं. मी दारात होते. तू चाचरत नव्हतास, रागावलाही नव्हतास, फक्त तुला खरोखर नवल वाटत होतं. "साकीनाको आत चलता हा मां अजून? मगे मेलो म्हणान कसो लिवू?" डॉक्टरांनी मला आत बोलावून रजिस्टर हातात दिलं. मग त्यांनी मला सांगितलं, "याच्या शेजारी अजून एक रकाना आखा. तो याचाच राहू दे." आपल्या सगळ्या संशोधनात मला कायम आठवत राहिला तो तेवढा रकाना.

आफ्रिकेतल्या ऑपरेशनची बातमी आली तो दिवस तुला आठवतो ना? माणसाचं काळीज माणसात बसवलं. एका दुकानदाराला, मोटारीखाली सापडलेल्या एका तरुण मुलीचं. खाली वॉर्डात, कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये दुसरं बोलणं नाही. डॉक्टर वर आले आणि नुसते कठड्याशी उभे राहिले. इतकी वर्षं ते ज्याच्या मागे होते ते दुसऱ्याने गाठलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद जास्त होता की दुःख, मला सांगता यायचं नाही. तू पेपर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलास. मग एवढंच विचारलंस, "जिचां काळीज काढला, तिची वाडी कोणी दाखयली?" तो दुकानदार अठरा दिवस जगला. त्यानंतर जगभर एकच धांदल उडाली, जो तो काळीज बसवायला निघाला. आपल्या देशातही प्रयत्न झाले, ते काही तासांतच संपले. शरीर काही ऐकेना, माणसं जगेनात, आणि बघता बघता बहुतेकांनी हात टेकले. आपली गच्चीही ओस पडली. तुला घाटकोपरच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, मला मुलुंडच्या प्रसूतिगृहात. म्हणजे तू आजाऱ्यांची नावं लिहायला लागलास आणि मी नवी माणसं मोजायला.

तरी रविवार होता. घाटकोपरच्या टेकडीवरची तुमची खोली, बाहेरचा दीड हाताचा ओटा, वहिनींचा आलं घातलेला कोरा चहा. आत माशाचं कालवण शिजायचं आणि माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वालाची उसळ. "भटणीचां सोवळां सांभाळूक होया," तू मुद्दाम मोठ्याने म्हणायचास. खाली घरांची कौलं, पत्रे, दूरवर खाडीची पांढरी रेघ. त्या ओट्यावर दुपार कधी संपायची ते कळायचंच नाही. तू विडी ओढत, मी पेपर वाचून दाखवत. अलीकडे परदेशातून पुन्हा बातम्या यायला लागल्या होत्या. नवं औषध निघालंय, त्याने शरीर परक्या काळजाला नांदू देतं, माणसं वर्षानुवर्षं जगताहेत. ते औषध मातीतल्या बुरशीपासून काढलंय, असं मी वाचलं तेव्हा तू घराच्या भिंतीकडे बोट दाखवलंस. "मगे आमच्या भितीर येता ती पण घेवन जावा म्हणा."

त्याच दुपारी तू म्हणालास, "बाय, मी मेलंय काय माझां काळीज कोणाक तरी बसव. मगे तू जा आणि तेका तातू म्हणान हाक मार. वळलो तर मी जिंकलंय."

"तुझं विडीने भाजलेलं काळीज कोण घेणार? आणि आपल्याकडे ते होत नाही रे. काळीज चालू आहे तोवर कायद्याने माणूस जिवंत. आणि बंद पडल्यावर ते कुणाच्या कामाचं नाही."

तू विडी विझवलीस आणि अगदी शांतपणे म्हणालास, "म्हणजे कायदो माझ्या बाजून." आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. मला इतका राग आला की मी उसळ अर्धी टाकून उठले. पुढचे दोन रविवार आले नाही. ते दोन रविवार मला आता परत हवे आहेत.

मंगळवारी दुपारी तू खिडकीत बसल्या बसल्या डोकं धरलंस, समोरच्या बाईला म्हणालास, "जरा थांबा," आणि केसपेपरांवर आडवा झालास. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुझ्या घशात नळी होती आणि मशीन तुझ्यासाठी श्वास घेत होतं. बुधवारी सकाळी तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेतलं. मुलगा भला होता. "सिस्टर, तुम्ही आमच्यातल्याच. डोळ्यांच्या बाहुल्या हलत नाहीत. स्वतःचा श्वास नाही. डोक्यात सगळीकडे रक्त आहे. यांच्या मिसेसना तुम्हीच सांगा, मग मशीन काढू. आत्ता ते दुसऱ्या कुणाला लागत नाहीये, पण लागलं तर मला थांबता यायचं नाही."

मी म्हटलं, सांगते. मीही तुझे डोळे उघडून बॅटरी मारून पाहिली होती. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं तुझ्या ओट्यावर बसून जे ठासून सांगत आले, तेच आता चार शब्दांत म्हणायचं होतं. वहिनी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर तुझा चष्मा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, तुम्ही सांगा. आहेत की गेले?"

"आहे, वहिनी," मी म्हटलं. "अजून आहे."

त्यांनी मान हलवली, चष्मा पदराने पुसला. मी डॉक्टरला जाऊन सांगितलं, लेक सावंतवाडीहून यायची आहे, तोवर राहू दे. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि मानलं. मशीन मागायला कुणी आलं नाही, हे माझं नशीब. आलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार मी करत नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मला सलग आठवत नाहीत. मी स्टुलावर बसून होते आणि माझा हात तुझ्या छातीवर होता. मशीन श्वास भरायचं, सोडायचं, त्या लयीत पापण्या जड व्हायच्या, आणि वॉर्डाची फरशी ओली दिसायला लागायची, बर्फाच्या पाण्याने. पडद्यापलीकडून कुणीतरी भादरल्याचा खरखर आवाज यायचा. मग दचकून बघायची तर हाताखाली ते चालूच. तुझं ते विडीबाज काळीज, कुणी न सांगता, कशासाठी ते न विचारता, आपलं चाललेलं. एकदा आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी कान लावला, तू कुत्र्यांच्या बरगड्यांना लावायचास तसा. आणि वाकून तुझ्या कानात हाक मारली. "तातू." पुन्हा मारली. तू वळला नाहीस. मी परकी म्हणून नाही वळला, असं मनाशी म्हणून पाहिलं. हसू काही आलं नाही.

मला ठाऊक होतं रे, की तू तिथे नाहीस. आणि तरी हात काढवत नव्हता.

गुरुवारी सकाळी सावंतवाडीहून शालू आली. तुझ्या पायांवर डोकं ठेवलं, आईच्या शेजारी जाऊन बसली, एक प्रश्न विचारला नाही. पोरगी सुन्न झालीय असं मला वाटलं. दुपारी चारच्या सुमारास तुझं काळीज अडखळलं, थांबलं, दोन ठोके अजून पडले, आणि मग नाही. डॉक्टरने घड्याळ बघून वेळ लिहिली. दाखल्यावर गुरुवार आहे. माझ्या हिशेबाने तू मंगळवारीच गेलास. तुझ्या रजिस्टराला नावं ठेवणारी मी, शेवटी तुझ्याच रकान्यात लिहून बसले.

तेरा दिवस मी रोज टेकडी चढले आणि वहिनींच्या नजरेला नजर द्यायची टाळली. त्यांच्याभोवती बायका होत्या, गावाहून आलेली माणसं होती, कुणी ना कुणी त्यांचा हात धरून बसलेलं असायचं. मी मागे कोपऱ्यात भांडी घासायची. मनात एकच, या बाईला मी दोन दिवस खोट्या आशेवर बसवून ठेवलं. तेराव्याला पंगती उठल्या, माणसं टेकडी उतरली, शालू खाली तिच्या मामीला सोडायला गेली. ओट्यावर आम्ही दोघीच उरलो. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी, बुधवारी सकाळीच सगळं संपलं होतं. मला माहीत होतं. तुमच्यासाठी, शालूसाठी म्हणून मी खोटं बोलले, मला माफ करा.

त्या पाटावरची परडी बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"शालूला मी बुधवारी पहाटेच तार करवली होती. बाबा गेले, अशी. ती रडूनच निघाली घरून."

मी म्हटलं, "मग मला का विचारलंत?"

"तीस वर्षं यांच्या शेजारी निजले मी, सिस्टर. मंगळवारी हात धरला तेव्हाच मला कळलं, हे नाहीत. डॉक्टरला 'मशीन काढा' असं सांगणारच होते. मग तुम्हाला बघितलं. मला काय, तेरा दिवस माणसं येणार, रडणार, मला धरून बसणार. मी यांची बायको. तुम्हाला कोण धरणार होतं? तुम्हाला रडायला नातं कुठलं होतं? म्हणून म्हटलं, सिस्टरनाच विचारावं. त्या 'गेले' म्हणाल्या तर गेले. 'आहेत' म्हणाल्या, तर बसू देत दोन दिवस."

तातू, तू माझा कोण होतास ते तुझ्या बायकोला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. मला स्वतःला ते त्या ओट्यावर, तिच्या तोंडून ऐकेपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग तिने मला धरलं.